मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर कोणाला किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. थेट विमान असेल तर साधारण सोळा तास लागतात. संध्याकाळी घरून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभा असतो. हा आकडा पुढे करून आपल्याला वारंवार एक गोष्ट ऐकवली जाते. जग जवळ आले, विमान सामान्यांच्या आवाक्यात आले, कोणीही कुठेही जाऊन शिकू शकतो, मग तुम्ही अजून जात, आरक्षण, शिष्यवृत्ती हेच काय घेऊन बसलात?

या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे आणि ते इतिहासातून दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते. कारण मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर आपल्या चळवळीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे अंतर आहे. बाबासाहेबांनी ते एकदा १९१३ साली बोटीने पार केले आणि पुन्हा १९५२ साली विमानाने. या दोन प्रवासांच्या मध्ये आणि त्यांच्या आगेमागे जे घडले, ते नीट पाहिले तर अंतर ही नुसती भूगोलाची बाब उरत नाही.

हवाई अंतर म्हणजे नेमके काय?

आधी भूगोल समजून घेऊ. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. पण पृथ्वी सपाट नाही. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्या दोन ठिकाणांतून जाणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा तुकडा. नारळावर दोरा ताणून धरला की हे लगेच लक्षात येते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात असा दोरा ताणला तर तो उत्तरेकडे चढत थेट आइसलँडजवळ जातो आणि तिथून खाली उतरतो. हवाई अंतर म्हणतात ते याला. प्रत्यक्षात विमान वारा, हवामान आणि कोणत्या देशाचे आकाश खुले आहे, कोणाचे बंद, हे पाहून थोडे वळण घेते.

सुएझ कालव्यातून समुद्रमार्गे गेले तर हेच अंतर सुमारे १५,००० किलोमीटर भरते. म्हणजे बोट आणि विमान यांच्या मार्गात फरक फार नाही, फरक वेगाचा आहे. बोटीला महिना लागायचा, विमानाला एक दिवस पुरतो. तंत्रज्ञानाने केले ते एवढेच, की तेवढाच रस्ता कमी वेळात पार होऊ लागला. आता प्रश्न असा, की जातीने माणसामाणसांत जे अंतर पाडले, तेही असेच वेग वाढवून कमी होते का?

मसूर ते कोरेगाव

बाबासाहेबांच्या आयुष्यातला पहिला मोठा प्रवास न्यूयॉर्कचा नव्हता. तो होता १९०१ सालचा, साताऱ्याहून कोरेगावचा. वडील रामजी सुभेदार तिथे नोकरीला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना त्यांच्याकडे जायचे होते. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये लिहून ठेवला आहे.

मुले आगगाडीने मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण पत्र वडिलांपर्यंत पोचलेच नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, भाडे घेणारे गाडीवान होते, मुलांच्या हातात पैसेही होते. तरी एकही गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर सौदा ठरला. तोही असा, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. तीन तासांत पोचू असे वाटले होते. त्याऐवजी रात्र वाटेत गेली, जवळच्या डब्यात अन्न असून पाणी न मिळाल्यामुळे ते खाता आले नाही आणि मुले दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा कोरेगावला पोचली.

या प्रसंगात काय कमी होते? आगगाडी होती, म्हणजे त्या काळचे सर्वांत आधुनिक वाहन होते. रस्ता होता. गाडी होती. पैसे होते. सगळे असून मसूर ते कोरेगाव हे अंतर या मुलांसाठी वाढले. वाढवले ते जातीने. आगगाडीने सातारा ते मसूर हा टप्पा जवळ आणला, आणि स्टेशनाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच जातीने पुढचा टप्पा लांब करून ठेवला. ‘पैसा आला की जात जाते’ असे सांगणाऱ्यांनी दुप्पट भाडे मोजूनही स्वतः गाडी हाकणारी ती मुले डोळ्यांपुढे आणावीत.

१९१३ : बोटीने न्यूयॉर्क

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तरुण भीमरावांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. अट अशी, की शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. जूनमध्ये भीमराव मुंबईहून बोटीने निघाले आणि जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोचून कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

महिनाभर समुद्र. त्या काळी पत्र जायचे तेही बोटीनेच. रमाईंनी मुंबईत पाठवलेल्या शब्दाला उत्तर यायला दोन-अडीच महिने लागत असतील, हे आज व्हिडिओ कॉलच्या जमान्यात आपल्या कल्पनेतही येत नाही. या अंतराची किंमत एकट्या बाबासाहेबांनी मोजली नाही. ती रमाईंनी मुंबईच्या चाळीत मोजली. परदेशी शिक्षणाचा इतिहास लिहिताना मागे राहून संसार ओढणाऱ्या बाईचा हिशेब बहुतेक वेळा गाळला जातो. आपण तो गाळू नये.

पण न्यूयॉर्कने एक गोष्ट दिली. तिथे ग्रंथालयात बसताना, जेवणाच्या टेबलावर, वसतिगृहात कोणी जात विचारून पाणी नाकारत नव्हते. अमेरिकेत समता नांदत होती असे नव्हे. त्याच देशात कृष्णवर्णीयांना वेगळ्या डब्यात बसवले जात होते. पण भारतीय अस्पृश्यतेचे ते रोजचे ओझे तिथे उतरले होते, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

आणि या दुरावलेल्या जागेवरून त्यांनी मागे वळून पाहिले ते जातीकडेच. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. जातीचे मूळ सजातीय विवाहात कसे आहे आणि स्त्रियांवरच्या बंधनांशिवाय जात टिकूच कशी शकत नाही, याची मांडणी त्यात आहे. त्यांचे वय तेव्हा २५ वर्षे होते. गावात राहून जे सोसले, ते १२,५०० किलोमीटरवरून शास्त्र म्हणून मांडता आले. अंतराचा असाही उपयोग असतो. आजाराच्या वेदनेत असलेल्याला आजाराचा अभ्यास करायला थोडी उसंत लागते. ती उसंत त्यांना तिथे मिळाली. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

१९१७ : मुंबई ते बडोदा

पुढे लंडनला गेलेले बाबासाहेब शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धवट ठेवून ऑगस्ट १९१७ मध्ये परतले. पहिले महायुद्ध चालू होते, समुद्रात पाणबुड्या फिरत होत्या. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीने येत होती, ती बुडवली गेली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने आल्यामुळे वाचले. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले.

मुंबई ते बडोदा हे रेल्वेने सुमारे ४०० किलोमीटर. न्यूयॉर्कच्या तुलनेत शेजारचे गाव म्हणावे इतके जवळ. पण कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोद्यात राहायला जागा मिळेना. हिंदू खानावळीत प्रवेश नाही. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग बडोद्याच्या कामाठी बागेत तासन् तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबई गाठली.

आता हिशेब मांडा. १२,५०० किलोमीटर दूरच्या शहरात वसतिगृहाची खोली मिळाली आणि ४०० किलोमीटरवरच्या शहरात झाडाखाली बसावे लागले. मग यातले लांबचे शहर कोणते? नकाशा एक उत्तर देईल, जात दुसरे देईल. भारतातल्या माणसाच्या अंतराचा नकाशा काढायचा असेल तर तो जातीसकट काढावा लागतो, हे समाजशास्त्राच्या पुस्तकाआधी कामाठी बागेने सांगितले आहे.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. सयाजीराव महाराजांचे उपकार आपण मानतोच आणि मानले पाहिजेत. पण राजाचा हुकूमसुद्धा आपल्याच राजधानीत एका अस्पृश्य अधिकाऱ्याला खोली मिळवून देऊ शकला नाही. एका भल्या माणसाची मर्जी न्यूयॉर्कपर्यंत पोचवू शकते, बडोद्यात राहू देऊ शकत नाही. त्यासाठी कायदा लागतो, हक्क लागतो आणि तो हक्क राबवून घेणारा संघटित समाज लागतो.

माणूस मागे, तार पुढे

१९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्यावर हा प्रवास उभा होता. ऑक्टोबर १९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ‘व्हॉइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने गेले. अस्पृश्यांचा प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश साम्राज्याच्या राजधानीत उभे राहून त्यांनी आपल्या माणसांची बाजू मांडली. पिढ्यान् पिढ्या गावच्या चावडीत ज्यांना बोलू दिले नव्हते, त्यांचा आवाज तिथे नोंदला गेला.

याच काळात आकाशात नवे काही घडत होते. १९२९ साली इंग्लंड ते कराची अशी विमानसेवा सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल घेऊन विमानाने उतरले. भारतीय नागरी विमानवाहतुकीची सुरुवात म्हणून ही तारीख सांगितली जाते. त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे करारावर सह्या झाल्या होत्या. कराराचा मजकूर तारेने लंडनला गेला आणि २६ सप्टेंबरला ब्रिटिश सरकारची मान्यताही आली. म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ गेल्याची बातमी येरवडा ते लंडन दोन दिवसांत पोचली. आणि तो हक्क मिळवायला पिढ्या गेल्या होत्या, तीन-तीन समुद्रप्रवास लागले होते. तंत्रज्ञान कोणाचीही बाजू घेत नाही असे म्हणतात. ते खरे मानले तरी एवढे नक्की, की ज्याच्या हातात सत्ता असते त्याचा निरोप आधी पोचतो.

ऑक्टोबर १९४६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले ते विमानाने. कॅबिनेट मिशनने अनुसूचित जातींच्या मागण्यांकडे पाठ फिरवली होती आणि सत्तांतराच्या घडामोडी वेगाने चालल्या होत्या. बोटीने जाण्याइतका वेळ हातात नव्हता. त्यांनी पंतप्रधान ॲटली यांच्यापुढे बाजू मांडली. ब्रिटिश सरकारने काही दिले नाही, हा इतिहास आहे. पण वेग वाढला म्हणजे न्याय लवकर मिळतो, हा समज त्या फेरीने खोटा ठरवला.

१९५२ : विमानाने न्यूयॉर्क

जून १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. आणि जून १९५२ मध्ये बाबासाहेब विमानाने न्यूयॉर्कला गेले. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना ‘डॉक्टर ऑफ लॉज’ ही सन्माननीय पदवी दिली.

पहिला प्रवासही जून महिन्यातच सुरू झाला होता. मध्ये ३९ वर्षे गेली. पहिल्या वेळी एका संस्थानिकाच्या शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी होता, दुसऱ्या वेळी भारतीय राज्यघटनेचा शिल्पकार होता. बोटीला महिना लागला होता, विमानाला काही दिवससुद्धा लागले नाहीत.

आणि त्याच १९५२ च्या सुरुवातीला काय घडले होते? हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडलेल्या बाबासाहेबांना पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून पराभव पत्करावा लागला होता. ज्याने प्रौढ मताधिकार घटनेत लिहिला, त्याला त्याच्याच शहराने लोकसभेत पाठवले नाही, आणि १२,५०० किलोमीटर दूरच्या विद्यापीठाने बोलावून सन्मान केला. १९१७ चा बडोद्याचा धडा १९५२ मध्ये मुंबईने पुन्हा गिरवला. विमान आले होते, अंतर तेच होते.

नागपूरमार्गे मुंबई

एक हवाई प्रवास आपल्या समाजाच्या काळजात कायमचा रुतून बसला आहे. दिल्ली ते मुंबई, सुमारे १,१५० किलोमीटर. ६ डिसेंबर १९५६ रोजी २६, अलीपूर रोड येथे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचे पार्थिव त्या रात्री विमानाने नागपूरमार्गे मुंबईला आणले गेले. ७ डिसेंबरच्या पहाटे ते सांताक्रूझला उतरले, तिथून दादरच्या राजगृहात आणि मग दादर चौपाटीवर. दोन महिन्यांपूर्वीच, ११ ऑक्टोबरला, ते दिल्लीहून विमानाने नागपूरला आले होते. १४ ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेसाठी.

दोन्ही वेळा आपली माणसे कशी आली? पायी, बैलगाडीने, मिळेल त्या रेल्वेने. आजही ६ डिसेंबरला विदर्भ-मराठवाड्यातून लोक येतात. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर, विमानाने दीड तास. बहुसंख्य लोक जनरल डब्यात उभे राहून, भाकरी बांधून येतात. दरवर्षी त्यांच्या गर्दीवर, कपड्यांवर, तिकिटांवर नाक मुरडणारे लेख आणि टोमणे येतात. ही माणसे सहलीला निघालेली नसतात. ती एक अंतर भरून काढत असतात, जे या देशाने त्यांच्यात आणि स्वाभिमानात हजारो वर्षे ठेवले होते. ते विमानाच्या तासांत मोजता येत नाही.

मर्जीपासून हक्कापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विमान स्वस्त झाले, मग परदेशी शिष्यवृत्ती कशाला?

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. स्वतः राजाच्या मर्जीवर शिकलेल्या या माणसाने पुढे सत्तेच्या जागी बसल्यावर पहिल्या काही कामांत हे केले, की ती मर्जी हक्कात बदलायला सुरुवात केली. १९४२ साली व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षण आणि परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी होती. त्यातून केंद्राने अशा शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद केली. घटनेच्या अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकली. १९५४-५५ मध्ये केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात वर्षाला ७५ विद्यार्थ्यांची सोय आहे आणि विमानभाडेही मिळते.

हा क्रम नीट पाहावा. १९१३ मध्ये महाराजांनी ‘दिली’. त्यानंतर आपण ‘मागितली’. मग ती अंदाजपत्रकात आली. कोणाच्या खिशातून आलेली मदत थांबली तर हात जोडावे लागतात. अंदाजपत्रकातली तरतूद थांबली तर जाब विचारता येतो. म्हणून शिष्यवृत्तीला ‘खैरात’ म्हणणाऱ्याला इतिहास माहीत नाही किंवा तो मुद्दाम विसरतो आहे.

आणि खैरात म्हणावी एवढी ती मोठी तरी आहे का? केंद्राच्या योजनेत देशभरासाठी वर्षाला १२५ जागा, त्यातल्या अनुसूचित जातींसाठी ११५. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जातींची लोकसंख्या २० कोटींच्या वर आहे. म्हणजे साडेसतरा लाख लोकांमागे एक जागा. मसूरच्या स्टेशनाबाहेर निदान गाड्यांची रांग होती!

त्यातही २०२२ साली केंद्राने या योजनेच्या नियमांत एक बदल केला. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतातील समाज यांवर संशोधन करणाऱ्यांना या शिष्यवृत्तीतून वगळले. कारण असे दिले गेले, की भारताचा अभ्यास भारतात राहून होतो, त्यासाठी परदेशी जायची गरज काय?

आता ९ मे १९१६ आठवा. कोलंबियात वाचलेला निबंध कशावर होता? भारतातील जातींवर. त्याआधी एम. ए. साठी लिहिलेला प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. २०२२ च्या नियमाने १९१३ चा भीमराव तपासला असता तर त्याचा अर्ज छाननीतच बाद झाला असता. ज्या दलित मुलीला तिच्या गावच्या जातव्यवस्थेचा अभ्यास जगातल्या उत्तम विद्यापीठात करायचा आहे, तिला हा नियम सांगतो, की तू अभियांत्रिकी शिकायला जा, पण आमच्याकडे वळून पाहू नकोस. अडवलेला आहे तो दलितांचा प्रश्न विचारण्याचा अधिकार. विमानात बसायला परवानगी आहे, खिडकीतून खाली पाहायला नाही.

जातही विमानाने गेली

काही मित्र म्हणतात, बाहेर गेलो की जातीचा प्रश्न संपला. तसे झाले असते तर आनंदच होता. पण बाबासाहेबांनी १९१६ च्या त्याच निबंधात डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला देऊन धोका दाखवला होता, की हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १०७ वर्षांनी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अमेरिकेतील सिॲटल शहराला जातिभेदावर बंदी घालणारा ठराव करावा लागला. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले आणि राज्यपालांनी नकाराधिकार वापरून ते अडवले. पाणी नाकारणारा हात आता लॅपटॉपवर चालतो, पण आडनाव विचारण्याची खोड विमानतळावर जमा होत नाही.

दुसऱ्या बाजूने विचारही गेले आणि आले. १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या संयुक्त राष्ट्रसंघाला द्यायच्या निवेदनाची प्रत मागवली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. जातीने समुद्र ओलांडला, तसा समतेचा विचारही ओलांडतो. त्याला वाहून नेणारी माणसे तेवढी हवीत.

मग करायचे काय?

आम्ही वस्त्यांमध्ये काम करताना पाहतो, की हुशार मुलगा किंवा मुलगी न्यूयॉर्कपासून अडत नाही. अडते ते तहसीलपासून. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, पासपोर्ट, इंग्रजी परीक्षेची फी, विद्यापीठाच्या अर्जाची फी, शिफारसपत्र आणि ‘शेवटची तारीख निघून गेली’ हे वाक्य. विमानात बसण्याआधीचे हे अंतर शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत कुठेच दिसत नाही. म्हणून काही गोष्टी आपण स्वतः केल्या पाहिजेत.

पहिली, प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहारात आणि अभ्यासिकेत परदेशी शिष्यवृत्तीची माहिती बारमाही असावी. जाहिरात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कागदपत्रे आदल्या वर्षी तयार हवीत.

दुसरी, जयंतीच्या वर्गणीतला एक ठरलेला भाग अर्जांच्या आणि परीक्षांच्या फीसाठी बाजूला काढावा. नवल भथेनांच्या कर्जाची भूमिका आज मंडळांनी करायची आहे.

तिसरी, जे बाहेर शिकून आले किंवा तिथेच आहेत, त्यांनी निदान दोन विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून द्यावेत. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात बोलून दाखवली होती. ती खंत आपल्या पिढीने पुन्हा खरी करू नये.

चौथी, २०२२ चा नियम आणि अपुऱ्या जागा हा राजकीय प्रश्न म्हणून उचलावा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे, की या जागा किती वाढवणार आणि विषयांवरची बंदी उठवण्यासाठी काय करणार?

पाचवी, मुलींच्या बाबतीत घरातूनच अंतर पडते. ‘एवढ्या लांब कशाला?’ असे मुलाला कोणी विचारत नाही. मुलीला विचारतात. रमाईंनी अंतर सोसले ते पुढच्या मुलींना पुन्हा मागे ठेवण्यासाठी नव्हे.

मुंबई ते न्यूयॉर्क १२,५०० किलोमीटर हा आकडा सर्वांसाठी सारखाच आहे. पण कोणी तो विमानतळापासून मोजतो आणि कोणाला तो मसूरच्या स्टेशनापासून मोजावा लागतो. जोवर हा फरक आहे तोवर ‘जग जवळ आले’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आपल्याला शिकून, संघटित होऊन आणि भांडून खरे करायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!